आंतरविद्यापीठ जिम्नॅस्टिक्स: मुलींच्या संघाचे शेवटचे आठ आठवडे

विद्यापीठाची निवड चाचणी झाली आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला दोन महिने उरले की हॉलमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: आता नवीन काय शिकायचं? बहुतेक मुलींसाठी उत्तर आहे, काही नाही. आठ आठवड्यांत एखादा अवघड घटक फोम पिटमध्ये (फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात) जमतो, कधी मॅटवरही उतरतो. पण रात्रभर रेल्वेत काढून, परक्या बीमवर, तीस सेकंदांच्या वॉर्म-अपनंतर तो जमेल याचा भरवसा नाही. या काळात संघाचे गुण वाढतात ते गळती बंद केल्याने. म्हणून आधी गळती कुठे आहे ते कागदावर काढायचं आणि मग सराव आखायचा.

आधी पत्रक, मग सराव

यजमान विद्यापीठाचं पत्रक आलं की मॅनेजरने आणि कोचने ते एकत्र बसून वाचावं. तीन गोष्टी त्यातून उतरवून घ्यायच्या: संघात किती मुली, प्रत्येक साधनावर (व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम, फ्लोअर) किती उतरणार आणि किती गुण धरले जाणार. ६-५-४ अशी रचना असेल (सहा जणींचा संघ, पाच उतरणार, चार गुण धरणार) तर प्रत्येक साधनावर एक पडझड माफ आहे. जितक्या उतरतील तितके सगळे गुण धरणार असतील तर माफी नाही, आणि मग संघाची आखणीच बदलते. चौथी बाब म्हणजे नियमावली. आंतरराष्ट्रीय महासंघाचा 'कोड ऑफ पॉइंट्स' दर ऑलिंपिक चक्राला बदलतो, सध्याचा २०२५ ते २०२८ चा आहे. जुन्या कोडवर बसवलेलं रूटीन तसंच नेलं तर एखादा घटक एक पायरी खाली मोजला जातो आणि ते कळतं थेट गुणफलकावर.

एलिजिबिलिटी फॉर्म, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, प्रवेशाचा पुरावा, ओळखपत्र आणि फोटो यांची फाइल पहिल्याच आठवड्यात पूर्ण करा. शेवटच्या आठवड्यात प्राचार्यांच्या सहीसाठी धावाधाव करणारा कोच सरावाला नसतो.

गुणांचा हिशेब

अंतिम गुण म्हणजे डी-स्कोअर (काठिण्याचे गुण) अधिक ई-स्कोअर (सादरीकरणाचे गुण), वजा दंड. ई-स्कोअर दहापासून खाली येतो. डी-स्कोअरमध्ये बार, बीम आणि फ्लोअरवर सर्वांत मोठे आठ घटक मोजतात (ए ०.१०, बी ०.२०, सी ०.३० असे चढत), जोडण्यांचे बोनस आणि चार रचना-अटींचे प्रत्येकी ०.५०.

विद्यापीठ पातळीवरच्या मुलीचं बीमचं साधं उदाहरण घ्या. तीन ए, तीन बी, दोन सी: ०.३० + ०.६० + ०.६० म्हणजे १.५०. चारही अटी पूर्ण असतील तर डी-स्कोअर ३.५०. यातली एक अट, समजा १८० अंशांची झेप असलेली नृत्य-जोडी, पूर्ण झाली नाही तर ३.००. हा अर्धा गुण भरून काढायला पाच घटक एकेका पायरीने वर न्यावे लागतात. दोन महिन्यांत पाच घटक वर जात नाहीत, एक जोडी मात्र नक्की पक्की होते. त्यामुळे प्रत्येक मुलीचं प्रत्येक रूटीन लिहून काढा, अटींपुढे खुणा करा आणि जिथे खूण नाही तिथूनच सराव सुरू करा.

दुसरा हिशेब पडण्याचा. एका पडण्याला १.०० जातो, आणि पाय आधी टेकले नाहीत तर त्या घटकाचं मूल्यही जातं. एखादा घटक किंवा जोडणी ठेवावी की काढावी, याचा निकाल दहा प्रयत्नांवर लावा. हे दहा प्रयत्न एका दिवशी नव्हेत. दहा वेगवेगळ्या दिवशी, पूर्ण रूटीनमध्ये, दिवसाचा पहिलाच प्रयत्न तेवढा मोजायचा. जोडणीमुळे डी-स्कोअर ०.३० ने वाढतो आणि मुलगी दहातून चार वेळा पडते, तर सरासरी ०.४० गमावून ०.३० कमावणं चाललंय. ती जोडणी काढा. मुलीला वाईट वाटतं, विशेषतः तिने वर्षभर त्यावर मेहनत घेतली असेल तर. तिला वहीतले आकडे दाखवा, त्यावर वाद होत नाही.

दशांशांचं वजन किती, हे भारतात कुणाला पटवून द्यायची गरज पडू नये. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांवर चौथी आली, कांस्य गेलं १५.२१६ ला. फरक ०.१५०.

आठ आठवडे

पहिले तीन आठवडे अर्ध्या-अर्ध्या रूटीनचे. पहिला अर्धा तीन वेळा, दुसरा अर्धा तीन वेळा. दुसरा अर्धा ताज्या अंगाने करून घेणं महत्त्वाचं, कारण एरवी मुलगी तो नेहमी दमलेली असतानाच करते आणि चुकीची सवय तिथेच घट्ट होते. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पूर्ण रूटीन: बीमवर दिवसाला तीन ते चार, बारवर एक दिवसाआड दोन ते तीन, फ्लोअरवर आठवड्याला दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाही. बाकी दिवशी फ्लोअरचं नृत्य संगीतावर पूर्ण करायचं आणि टम्बलिंग (कोलांट्या-उड्यांच्या मालिका) मऊ मॅटवर. स्प्रिंग नसलेल्या, नुसत्या कार्पेटवर सराव करणाऱ्या कॉलेजांनी हा आकडा आणखी कमी ठेवावा. नडगीचं दुखणं एकदा सुरू झालं की आठ आठवड्यांत जात नाही. व्हॉल्टला आठवड्यातून दोनदा, आणि कडक लँडिंगवर एका सत्रात दहा-बारा उड्या पुरेत.

सातवा आठवडा स्पर्धेच्या नकलेचा, आठवा कमी करण्याचा. शेवटच्या आठवड्यात एकूण काम निम्म्यावर आणा, पण तीव्रता तीच ठेवा: कमी रूटीन, पूर्ण ताकदीने. इथे नेहमीची चूक म्हणजे भीतीपोटी शेवटच्या चार दिवसांत सराव वाढवणं. त्याने कौशल्य वाढत नाही. तळहात सोलतात आणि घोटे सुजतात.

बीम

संघाचे सर्वाधिक गुण बीमवर जातात, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या. ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच.

फ्लिक-फ्लिक किंवा फ्लिक-लेआउट (फ्लिक म्हणजे हात टेकून मागे उलटी, लेआउट म्हणजे हात न टेकता ताठ अंगाने) या मालिकेत मुली पडतात तेव्हा कोच दुसऱ्या घटकाकडे पाहतो. चूक बहुतेक वेळा पहिल्यात असते. मुलगी मागे बसताना एक खांदा आधी सोडते, त्यामुळे हात बीमवर सरळ रेषेत न पडता तिरके पडतात, कंबर वळते आणि पहिल्या पायाचा अंगठा बीमच्या कडेवर येतो. तिथून दुसरा घटक वाचवणं नशिबाचा भाग. मोबाइल बीमच्या टोकाला, बीमच्याच उंचीवर ठेवून मागून चित्रण करा आणि हात टेकण्याच्या क्षणी थांबवा. दोन्ही तळहात बीमवर, अंगठे शेजारी आणि कंबर चौकोनी दिसली पाहिजे. दिसली नाही तर खाली या: जमिनीवर १० सेंटिमीटर रुंद खडूची पट्टी, मग जमिनीलगतचा बीम, मग उंच बीमखाली मॅट रचून, मग एकेक मॅट काढत. प्रत्येक पायरीवर सलग पाच बरोबर झाले की पुढे. चौथा चुकला तर परत एकपासून.

झेप बाजूने चित्रित करा. खालून काढलेल्या व्हिडिओत प्रत्येकीचा स्प्लिट १८० दिसतो. वीस अंशांपर्यंत कमी पडला तर ०.१०, वीस ते पंचेचाळीसला ०.३०, त्याहून कमी असेल तर तो घटकच हातचा जातो आणि त्याच्यासोबत कदाचित अटही. मागचा पाय खाली राहतो तो पाय कमजोर म्हणून नव्हे. उडी घेताना छाती पुढे पडते म्हणून. भिंतीशी उभं राहून मागच्या पायाच्या लाथा आणि स्प्लिटमध्ये छाती उभी ठेवून ३० सेकंद थांबणं, हे रोज.

तोल जाताना हात फडफडले तर ०.१० ते ०.५०, बीम पकडून पडणं वाचवलं तरी ०.५०. म्हणजे बीमला हात लावून वाचणं हे पडण्याच्या निम्म्या किमतीत मिळतं. हे मुलींना स्पष्ट सांगितलेलं असावं, कारण लाजेपोटी न पकडता खाली येणाऱ्या मुली असतात. पडल्यावर परत चढायला १० सेकंद. चढण्याचाही सराव करा: मॅग्नेशियम (हाताला लावायची पांढरी पूड) लावू नका, दोन श्वास घ्या, चढा. रूटीनचा वेळ दीड मिनिट, पहिला इशारा दहा सेकंद आधी वाजतो. सरावात १ मिनिट २० सेकंदांच्या आत बसत असेल तरच ते रूटीन न्या. स्पर्धेत प्रत्येक जण प्रत्येक पोझला थोडी जास्त रेंगाळते.

अनइव्हन बार

इथली गळती मोठी दिसत नाही, पण थेंबाथेंबाने होते. कास्ट (बारवर हात टेकून पाय मागून वर नेणं) हँडस्टँडपासून १० अंशांच्या आत असला तर वजावट नाही. ३० पर्यंत ०.१०, ४५ पर्यंत ०.३०, त्यापुढे ०.५०. एका रूटीनमध्ये पाच कास्ट धरा. पाचही चाळीस अंशांवर थांबत असतील तर १.५० गेले, आणि मुलगी एकदाही पडलेली नाही. कास्ट खाली राहतो तो बहुधा खांदे बारच्या पुढे न झुकल्याने: मुलगी पाय वर फेकते, खांदे मागेच, मग कंबर मोडते. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. सत्राच्या शेवटी, दमल्यावर, किप (लटकलेल्या स्थितीतून बारवर येणं)-कास्ट-हँडस्टँड सलग पाच, अशा तीन फेऱ्या. बाजूला उभं राहून फक्त आकडा सांगा, 'वीस', 'पस्तीस', 'दहा'. ओरडण्यापेक्षा आकडा जास्त काम करतो.

जादाचा झोका ०.५० नेतो. घटक चुकून थांबलं तर पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं असू द्या. नाहीतर मुलगी लटकून विचार करते आणि त्या विचाराचा एक झोका मोजला जातो. पडल्यावर बारवर ३० सेकंद मिळतात, त्यात ग्रिप्स (हातावरचे चामड्याचे पट्टे) घट्ट करून कुठल्या घटकापासून परत सुरू करायचं ते तिला पाठ असावं.

ग्रिप्स नव्या घ्यायच्या असतील तर पाचव्या आठवड्याआधीच घ्या. चामडं बसायला दोन-तीन आठवडे जातात. दुसऱ्या टोकाला, फार ताणलेल्या जुन्या ग्रिप्स त्याहून धोक्याच्या: चामडं लांबलं की डॉवेल (ग्रिपमधली बोटांजवळची कांडी) बारभोवती गुंडाळून अडकतं, हात थांबतो, अंग फिरत राहतं आणि मनगट मोडतं. ग्रिप घालून मूठ वळल्यावर डॉवेल बोटांच्या मधल्या पेरापलीकडे सरकत असेल किंवा चामड्याला कडेला चीर असेल तर ती टाकून द्या. दोन जोड न्या, दोन्ही वापरलेले.

तळहाताचे घट्टे आंघोळीनंतर प्युमिस दगडाने सपाट ठेवा. वर आलेला घट्टाच फाटतो. फाटलाच तर साबणाने धुवा, लोंबणारी कातडी स्वच्छ कात्रीने काढा, ओढू नका. रात्री मलम लावून सुती मोजा हातावर. दुसऱ्या दिवशी टेप.

व्हॉल्ट आणि फ्लोअर

व्हॉल्टच्या धावेचं अंतर पावलांनी नव्हे, टेपने मोजा. टेबलाच्या पुढच्या कडेपासून सुरुवातीच्या अंगठ्यापर्यंत मीटर-सेंटिमीटरमध्ये, आणि बोर्डचं अंतरही तसंच. दोन्ही आकडे मुलीच्या वहीत. कमाल धाव २५ मीटर. धावत येऊन बोर्ड किंवा टेबलाला न शिवता थांबलं तर १.०० जातो आणि दुसरी धाव मिळते, तिसरी मिळत नाही. युर्चेन्को (बोर्डवरून पाठमोरं टेबलावर जाण्याचा व्हॉल्ट) मारणाऱ्या मुलींसाठी बोर्डभोवती सेफ्टी कॉलर (मऊ संरक्षक गादी) बसवली नसेल तर गुण शून्य. कॉलर ठेवण्याचं काम एका ठरलेल्या व्यक्तीचं असावं, 'कुणीतरी ठेवेल' असं नाही. व्हॉल्टचा नियमावलीतला क्रमांक उडी मारण्यापूर्वी दाखवायचा असतो, तोही सरावात दाखवा.

फ्लोअरच्या संगीतात शब्द चालत नाहीत, दीड मिनिटाच्या वर चालत नाही. फाइल पेन ड्राइव्हवर, मोबाइलवर आणि मॅनेजरच्या ईमेलमध्ये, तिन्हीकडे ठेवा. फाइलच्या नावात मुलीचं नाव आणि विद्यापीठ टाका. एक पाय रेषेबाहेर ०.१०, दोन्ही पाय ०.३०. नवीन, जास्त उसळणारा फ्लोअर मिळाला की पहिल्या टम्बलिंगमध्येच मुली बाहेर जातात. कोपऱ्यातून सुरुवात एक पाऊल मागून करायची सवय आधीच लावा आणि शक्य असेल तर दोन-तीन दिवस प्रमाणित साधनं असलेल्या हॉलमध्ये सराव मिळवा. महाराष्ट्रातल्या संघांना पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडा संकुल किंवा छत्रपती संभाजीनगरचं साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्र जवळ आहे. परवानगीचं पत्र मात्र महिनाभर आधी द्यायला हवं.

लँडिंगवर सगळ्या साधनांचे गुण टांगलेले आहेत. छोटी उडी ०.१०, खांद्यापेक्षा मोठं पाऊल ०.३०, खोल बैठक ०.५०. रोज सत्राच्या शेवटी प्रत्येकीने तीन लँडिंग न हलता टेकवूनच घरी जायचं. पण दमलेली मुलगी उड्या मारतच राहू नये, म्हणून मर्यादा दहा प्रयत्नांची ठेवा.

अंग, आहार, औषधं

आठ आठवडे आधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासा. १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरकडे लगेच, कारण लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, स्पर्धेआधी चार दिवस घेऊन उपयोग नाही. तीन महिने पाळी न आलेली मुलगी 'फिट' नाही. ती बहुधा कमी खातेय आणि तिची हाडं धोक्यात असू शकतात. हा विषय पुरुष कोचला अवघड वाटत असेल तर संघाच्या महिला मॅनेजरने बोलावं, पण कुणीतरी बोलावंच. शेवटच्या महिन्यात वजन कमी करायला लावणं सरळ बंद ठेवा.

सर्दीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नये. काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे ते प्रतिबंधित आहे. गोळीच्या पाकिटाचा फोटो आधी डॉक्टरला.

प्रवासात दोन रात्री असतील तर पोचणं आणि स्पर्धा यांत किमान एक पूर्ण दिवस ठेवा. दर दोन तासांनी उठून डब्यात चालणं, पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी. फलाटावरची भजी नकोत. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, केळी, घरच्या दशम्या सोबत असू द्या. स्पर्धेच्या दिवशी तीन तास आधी ओळखीचं जेवण (इडली, पोहे, वरण-भात), तासभर आधी केळं. गावात मिळणारं खास काहीतरी स्पर्धा संपल्यावर.

पोशाख

संघाचे लिओटार्ड एकसारखे हवेत, फरक असेल तर संघाच्या गुणांतून वजावट होते. शिवून घेत असाल तर सहाव्या आठवड्यापर्यंत हातात यावेत आणि सातव्या आठवड्याच्या नकली स्पर्धेत घालून पाहावेत. बारवर घासणारी टिकली, सरकणारा खांदा तिथेच कळतो. गडद रंग घ्या, पाळीच्या दिवसांत मुलींच्या डोक्यावरचा एक ताण कमी होतो. पूर्ण पायांचा पोशाखही नियमात बसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मुलींनी तो घातला होता. प्रत्येकीचा एक जादा संच, सेफ्टी पिना आणि केसांच्या जाळ्या मॅनेजरच्या पिशवीत.

स्पर्धेचा दिवस

टच वॉर्म-अप (स्पर्धेच्या साधनावरचा शेवटचा छोटा सराव) प्रत्येकीला ३० सेकंद, बारवर ५० सेकंद, आणि तेही संघाचे एकत्र मोजले जातात. पाच मुली असतील तर बीमवर अडीच मिनिटं, बारवर ४ मिनिटं १० सेकंद. पहिलीने जास्त घेतले की पाचवीला काहीच उरत नाही. सातव्या आठवड्यात हे स्टॉपवॉच लावून करून घ्या: कुणी काय करायचं, किती वेळा, कोण मॅग्नेशियम लावणार, कोण बोर्ड हलवणार.

उतरण्याचा क्रम ठरवताना पहिली मुलगी सर्वांत चांगली नको, सर्वांत भरवशाची हवी. ती न पडता उतरली की पुढच्या चौघी मोकळ्या होतात. सर्वाधिक डी-स्कोअरवाली शेवटी. धोक्याचा घटक असलेली मुलगी चौथ्या जागी ठेवा, म्हणजे तिच्या वेळेपर्यंत माफीतली एक पडझड वापरली गेली आहे का ते कळलेलं असतं आणि तिने सोपं रूटीन करायचं की पूर्ण, ते सांगता येतं. त्यासाठी तिच्याकडे दोन्ही रूटीन तयार हवीत.

हिरवा दिवा किंवा खूण मिळाल्यावर ३० सेकंदांत सुरुवात, पंचांना अभिवादन आधी आणि नंतरही. अभिवादन विसरलं तर ०.३०. हा दंड सगळ्यांत चीड आणणारा, कारण त्यात कौशल्याचा काही संबंध नाही.

डी-स्कोअर अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर चौकशी फक्त त्याचीच करता येते, ई-स्कोअरची नाही. तोंडी चौकशी पुढच्या मुलीचे गुण लागण्याआधी, लेखी अर्ज त्यानंतर चार मिनिटांत. म्हणून प्रत्येक मुलीचं रूटीन घटकवार लिहिलेला कागद कोचच्या हातात असावा. कागदावरचा डी-स्कोअर आणि फलकावरचा, यांत ०.५० चा फरक दिसला की समजा अट नाकारली गेली, ०.१० किंवा ०.२० दिसला तर एखादा घटक खाली मोजला. मुलीने तो घटक खरंच अर्धवट केला असेल तर चौकशीचं शुल्क वाया घालवू नका.

अपॅरेटस फायनलसाठी (एकेका साधनाच्या अंतिम फेरीसाठी) कुणी पात्र ठरत असेल तर एक गोष्ट आदल्या दिवशीच, संघ स्पर्धेच्या वेळी, सांभाळावी लागते: व्हॉल्टच्या फायनलला जायचं असेल तर पात्रता फेरीतच दोन वेगळे व्हॉल्ट मारावे लागतात. संघासाठी पहिलाच धरतात, त्यामुळे पुष्कळ मुली एक मारून परत येतात आणि रात्री यादीत नाव शोधतात. दुसऱ्या व्हॉल्टची तयारी असलेल्या मुलींची नावं कोचने क्रम देतानाच पंचांच्या टेबलावर कळवावीत.